सुरतेचे फादर आंब्रोज

इसवी सन १६६४ च्या जानेवारी महिन्यात शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली, तेव्हा मोगलांच्या त्या सर्वांत धनाढ्य बंदराची कशी दाणादाण उडाली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्याचे दरवाजे लावून आत बसला. विरजी व्होरासारख्या कुबेराचे वाडे खणून काढले गेले. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडनच्या पुढारपणाखाली आणि डचांनी आपल्या बळावर आपापल्या वखारींची दारे बंद करून बंदुका रोखल्या व मालमत्ता वाचविली. ज्यांच्यापाशी किल्ला नव्हता, वखार नव्हती आणि बंदुकाही नव्हत्या, ते रयतलोक वाट फुटेल तिकडे पळाले. या गोंधळात खरखरीत तपकिरी झगा घातलेला आणि कमरेला दोर बांधलेला एक फ्रेंच संन्यासी महाराजांच्या छावणीकडे चालत गेला. त्याचे नाव फादर आंब्रोज. फ्रान्समधील प्रेइयी गावचा तो असल्यामुळे फ्रेंच कागदपत्रांत त्याला आंब्रोज द प्रेइयी असे म्हटलेले आढळते. सुरतेतील कॅपुचिन मठाचे ते प्रमुख होते.

हा प्रसंग थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने नमूद करून ठेवला आहे. तो १६६६ साली सुरतेस होता. म्हणजे स्वारीच्या आठवणी त्या वेळी अगदी ताज्या होत्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे आंब्रोज यांनी महाराजांची गाठ घेऊन गावातील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी रदबदली केली. मालमत्ता वाचवावी असे त्यांचे मागणे नव्हते. निदान त्या माणसांच्या जिवाला धक्का लागू नये, एवढेच त्यांनी विनविले. महाराजांनी त्यांचा आदर केला, त्यांना अभय दिले आणि मागितले ते मान्य केले. पुढे लुटारूंच्या टोळ्या मठाच्या दारावरून गेल्या, पण आत शिरल्या नाहीत. बर्नियर हा दुसरा फ्रेंच प्रवासीही, आपल्या स्वभावानुसार थोडा उपहास मिसळून, हेच सांगतो. फिरंगी पाद्री ही भली माणसे आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशा आशयाची आज्ञा महाराजांनी दिली होती असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते. त्याच ठिकाणी तो आणखी एका घराचा उल्लेख करतो. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता असे महाराजांच्या कानी आले होते. परधर्मीय पाद्र्याला आणि मृत दलालाला एकाच तराजूत घालणारी ही दृष्टी बर्नियरला विलक्षण वाटली असावी. मराठी माणसाला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

आंब्रोज यांच्याविषयी महाराजांना काय ठाऊक होते, हे कोणत्याही कागदात मिळत नाही. परंतु गावात त्यांची जी कीर्ती होती ती मराठ्यांच्या हेरांनी ऐकली नसेल असे मानणे कठीण आहे. सुरतेचा कानाकोपरा ज्यांनी आधी पाहून ठेवला होता, त्यांना हा मठ आणि त्यातला माणूस खास ठाऊक असणार. मग ही कीर्ती आली कोठून? तिचे मूळ एका लहानशा, विस्कळीत आणि भांडखोर ख्रिस्तमंडळीच्या कारभारात आहे.

सतराव्या शतकातील सुरतेची ख्रिस्तमंडळी म्हणजे एक अठरापगड मेळा होता. मक्केला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजावर चढत आणि पश्चिमेकडचा सारा व्यापार येथेच उतरे. त्यामुळे जगातील नाना जातींचे ख्रिस्ती लोक तापीच्या काठी जमलेले असत. आर्मेनियन व्यापारी होते. त्यांची स्वतःची दफनभूमी आणि स्वतःचा पंथ होता. हलब शहराकडून आलेले मारोनी पंथाचे व्यापारी होते. पोर्तुगीज रक्ताचे, पण पोर्तुगालचे तोंडही न पाहिलेले मिश्र वंशाचे लोक होते. मोगलांच्या नोकरीत पोटासाठी आलेले फिरंगी तोपची आणि खलाशी होते. वखारींत इंग्रज आणि डच होते. ते प्रॉटेस्टंट, आणि रोमच्या पोपचे नाव ऐकताच नाक मुरडणारे. या लोकांमध्ये समान असे फारच थोडे होते. भाषाही एक नव्हती. बाजारात चालणारी मोडकीतोडकी पोर्तुगीज बोली हाच काय तो दुवा. देशोदेशींची वैरे त्यांनी आपल्याबरोबर जहाजातून आणली होती. असा समुदाय फुटावयास निमित्त लागत नाही. तो एकत्र राहिला तरच आश्चर्य मानावे.

त्यात या मंडळीच्या डोक्यावर एक जुना वाद टांगलेला होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय आंब्रोज यांच्या कामाचे मोल कळणार नाही. पूर्वेकडील देशांत धर्मप्रसाराचा आणि बिशप नेमण्याचा अधिकार पोपनी पूर्वी पोर्तुगालच्या राजाला दिलेला होता. त्याला पाद्रोआदो म्हणजे राजाश्रयाचा हक्क असे नाव आहे. पुढे पोर्तुगालची सत्ता क्षीण होऊ लागली आणि १६२२ साली रोममध्ये धर्मप्रसाराचे एक स्वतंत्र खाते, प्रोपागांदा, निर्माण झाले. या खात्याने पाठविलेले पाद्री लिस्बनच्या परवान्यावाचून येऊ लागले. गोव्याच्या दृष्टीने हे सरळसरळ अतिक्रमण होते. एकाच धर्माचे, एकाच पोपला मानणारे दोन तट अशा रीतीने हिंदुस्थानात समोरासमोर उभे राहिले.

सुरतेचा कॅपुचिन मठ दुसऱ्या तटाचा. १६४० च्या सुमारास फादर झेनो आणि त्यांचे सोबती इराणकडून येऊन येथे स्थिरावले. शहरावर अंमल मोगलांचा असल्यामुळे गोव्याला त्यांना हुसकावून लावता येईना. पण दक्षिणेस किनाऱ्यावरच पोर्तुगीजांचे दमण होते आणि गोव्याचे लक्ष सतत या मठावर असे. हे लक्ष किती जड पडू शकते याचा अनुभव लवकरच आला. झेनो यांचे सोबती फादर एफ्राएम हे १६४२ साली मद्रासला गेले आणि इंग्रजांच्या आग्रहावरून तेथेच राहिले. शेजारच्या सांतोमेच्या पोर्तुगीजांना हे खपले नाही. १६४९ साली त्यांना फसवून पकडण्यात आले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात टाकण्यात आले. त्यांना सोडविण्यासाठी झेनो सुरतेहून गोव्यास गेले. गोवळकोंड्याच्या दरबारानेही सांतोमेवर दडपण आणले. आणि सुमारे दोन वर्षांनी एफ्राएम सुटले. ताव्हेर्निये या जवाहिऱ्याने ही सारी हकीकत मोठ्या चवीने सांगितली आहे. सुटल्यावर एफ्राएम मद्रासला परत गेले आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे तेथेच राहिले, हेही येथे सांगितले पाहिजे. या फ्रेंच कॅपुचिनांची चिकाटी मोठी दांडगी होती.

आंब्रोज यांनी मठाची सूत्रे हाती घेतली ती या पार्श्वभूमीवर. गोव्याशी उघड झुंज घेऊन आपल्या बाजूच्या लोकांना चेतविणे सोपे होते. सुरतेतील पोर्तुगीज रक्ताचे लोक एका बाजूला आणि इतर दुसऱ्या बाजूला, अशी उभी फूट पाडण्यास एक प्रवचन पुरे झाले असते. त्यांनी ते केले नाही. त्यांनी घर बांधले, देवालय बांधले आणि लोकांची भांडणे मिटविली. घराची गोष्टही मासलेवाईक आहे. मोगल शहरात परदेशी पाद्र्याच्या नावे जागा घेणे अडचणीचे होते, म्हणून ती चेलेबी नावाच्या हलबच्या एका मारोनी व्यापाऱ्याच्या नावे विकत घेण्यात आली. पैशाचा बराच भाग आपण दिल्याचे ताव्हेर्निये सांगतो, आणि हा ताव्हेर्निये स्वतः प्रॉटेस्टंट होता. म्हणजे कॅथलिक संन्याशांचे देवालय प्रॉटेस्टंटाच्या पैशातून आणि पौर्वात्य पंथाच्या व्यापाऱ्याच्या नावावर उभे राहिले! जी वास्तू सर्वांच्या हातभाराने उभी राहते तिच्यावर एका तटाला हक्क सांगता येत नाही, हे त्यात आपोआपच साधले.

आंब्रोज यांचा खरा अधिकार मात्र न्यायनिवाड्यात होता. थेव्हनो लिहितो त्याचा मथितार्थ असा की, ख्रिस्ती लोकांमधील बहुतेक तंटे त्यांच्यापुढे येत आणि त्यांचा निर्णय मानला जाई. शहराच्या अधिकाऱ्यांनाही हे सोयीचे होते; टोपीकरांच्या भाषा त्यांना कळत नसत आणि त्यांच्या रीतीही. एखाद्या ख्रिस्ती माणसाचे वर्तन अगदीच लाजिरवाणे झाले तर त्याला कैदेत ठेवविण्यापर्यंत आंब्रोज यांचा शब्द चाले, आणि कैद्याने कोतवालाकडे गयावया केली तरी कोतवाल पाद्र्याच्या इच्छेविरुद्ध त्याला सोडीत नसे. आजच्या वाचकाला धर्मगुरूच्या हाती एवढी सत्ता असणे खटकेल, आणि ते योग्यही आहे. परंतु येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, ही सत्ता कोणत्याही फर्मानाने दिलेली नव्हती. त्यांच्यापाशी शिपाई नव्हता, खजिना नव्हता; कॅपुचिनाला स्वतःचा पैसा बाळगण्याचीही मनाई असते. ज्या न्यायाधीशाला निकालातून काहीच मिळावयाचे नाही त्याच्याकडे पक्षकार विश्वासाने जातात. आंब्रोज यांनी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहून हा विश्वास जमविला. वखारींचे प्रमुख बदलत, मरत किंवा परत जात. मोगल अधिकारीही काही वर्षांनी पालटत. पाद्री मात्र जागचा हलला नाही. लोकांची लग्ने, मयते, कर्जे आणि भांडणे त्याला तोंडपाठ होती.

या विश्वासाची कसोटी पाहणारा एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १६६२ च्या आसपास ह्यूगो नावाच्या एका डच माणसाने फ्रेंच निशाण लावून तांबड्या समुद्रात मोगल प्रजेची जहाजे लुटली. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे त्यात जबर नुकसान झाले. पुढे १६६४ साली फ्रान्समध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिचे लोक सुरतेस येणार अशी बातमी पसरली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना आयतेच निमित्त मिळाले. फ्रेंच म्हणजे चाचे, व्यापाराचे नाव पुढे करून लुटावयास येत आहेत, असा बोभाटा झाला. शहराच्या अधिकाऱ्याने खरेखोटे कोणास विचारावे? त्याने आंब्रोज यांना बोलाविले. त्यांनी ह्यूगो कोण, कोठला, त्याच्या जहाजावर कोण लोक होते, हे समजावून सांगितले आणि एका चाच्यामुळे साऱ्या राष्ट्राला चाचा ठरवू नये असे पटवून दिले. (याच ह्यूगोला पुढे डचांनी मॉरिशसचा गव्हर्नर केले; इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.) अधिकाऱ्याला ते पटले, आणि १६६८ साली फ्रान्स्वा कॅरन याच्या हाताखाली फ्रेंचांची वखार सुरतेत सुरू झाली.

येथे आंब्रोज यांच्या निःपक्षपाताला तडा गेला काय, असा प्रश्न कोणीही करील. ते फ्रेंच होते. फ्रेंच कंपनीसाठी त्यांनी शब्द टाकला. इंग्रज आणि डच यांना ते आवडले नसणार. हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. पण वखार सुरू झाल्यानंतरचा प्रकार पाहिला म्हणजे वेगळे चित्र दिसते. फ्रेंच कंपनीतच भाऊबंदकी माजली. कॅरन हा पूर्वी डचांच्या चाकरीत मुरलेला, स्वभावाने कठोर आणि धर्माने प्रॉटेस्टंट. त्याचे आपल्या सहकाऱ्यांशी, विशेषतः मार्कारा या आर्मेनियन अधिकाऱ्याशी, हाडवैर जडले. ते भांडण पुढे फ्रान्सपर्यंत गेले. फ्रेंच, आर्मेनियन, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ही सारी नावे त्या भांडणात होती. म्हणजे सुरतेच्या मंडळीत आग लागावयास हवे ते सर्व इंधन होते. तरीही ते वैर कंपनीच्या दफ्तरात राहिले. देवालयात दोन वेद्या मांडल्या गेल्या नाहीत, की उपासनेच्या वेळी कोणी कोणाला दाराबाहेर काढले नाही. कॅरनच्या निंदेने पाने भरणाऱ्या प्रवाशांनीही मठातील दुफळीची वार्ता दिलेली नाही, आणि हे प्रवासी वाईट बातमी लपवून ठेवणारे मुळीच नव्हते. ॲबे कॅरे हा तिखट लेखणीचा फ्रेंच धर्मगुरू १६७२ नंतर या बाजूस येऊन गेला. त्या वेळी युरोपात फ्रान्स आणि हॉलंड यांचे युद्ध जुंपले होते आणि सुरतेच्या बाजारात त्याचे पडसाद रोज उमटत. त्या दिवसांतही हे वृद्ध पाद्री आपल्या जागी होते.

आंब्रोज यांनी काही ग्रंथ लिहून ठेवला नाही. त्यामुळे त्यांच्या कामाचे माप घ्यावयाचे तर ते जे घडले नाही त्यावरून घ्यावे लागते, आणि इतिहासलेखनात हे सर्वांत अवघड माप. न फुटलेल्या मंडळीचे दफ्तर रिकामे असते. फुटलेल्या मंडळीच्या खटल्यांनी कपाटे भरतात. म्हणून सुरतेच्या शेजारी मुंबईचे उदाहरण ठेवून पाहणे उपयोगाचे ठरते. तोच धर्म, तोच पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांचा वाद. परंतु तेथे निर्णय स्थिर हातात राहिला नाही.

मुंबई १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात आली तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांची व्यवस्था पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांकडे होती. या पाद्र्यांची निष्ठा गोव्याकडे, म्हणून इंग्रजांनी १७२० साली त्यांना बेटाबाहेर घालविले आणि कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. हे प्रोपागांदाचे लोक. सत्तर वर्षे त्यांचा कारभार चालला. मग १७८९ साली लंडनहून हुकूम आला की देवळे पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे द्यावी. त्यावर ओरड झाली, हुकूम फिरला, पुन्हा ओरड झाली. आणि अखेर १७९४ साली सरकारने देवळांची चक्क वाटणी केली. माझगाव आणि दादर गोव्याकडे. माहीमचे सेंट मायकेल आणि मुंबईचे एस्पेरांसा कार्मेलाइटांकडे. ज्यांच्यापाशी दोन पिढ्यांत चार वेळा धनी बदलले त्या लोकांनी कोणाला मानावे? हे लोक बहुतांशी कोळी, भंडारी, कुणबी यांच्या वंशातले, घरी मराठीचीच बोली बोलणारे. लिस्बन आणि रोम यांच्या करारांशी त्यांचा काय संबंध? तरीही एकाच वाडीत दोन तट पडले आणि सोयरीक करतानाही घर कोणत्या देवळाचे हे विचारले जाऊ लागले.

याउलट वसईची स्थिती पाहण्याजोगी आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा युरोपीय पाद्री निघून गेले, मठ ओस पडले. मंडळी मात्र टिकली, कारण गोव्याकडील देशी पाद्री मागे राहिले आणि मराठी अमलाखाली गावोगावची देवळे त्यांनी चालू ठेवली. राजा परधर्माचा, आश्रय नाही, संपत्ती नाही. तरी माणूस जागेवर होता.

मुंबईच्या वादाचा कळस १८५३ साली माहीमला झाला. सेंट मायकेल देवळातील एका गटाला गोव्याच्या बाजूस जावयाचे होते. बिशप हार्टमान हे स्वतः देवळात जाऊन बसले, आतून दारे लावून घेतली आणि मरण आले तरी येथून हलणार नाही असा निश्चय केला. बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा. कित्येक दिवस हा प्रकार चालला. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दारे उघडविली आणि देऊळ गोव्याच्या पक्षाकडे गेले. योगायोग असा की हार्टमानही कॅपुचिनच. त्यांच्या निष्ठेविषयी किंवा धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विद्वत्ताही मोठी होती, आणि मुंबईतील कॅथलिकांचे पत्र ‘एक्झॅमिनर’ हे त्यांच्याच काळात, १८५० साली, निघाले. परंतु ते मुंबईस आले तेव्हा मंडळी अर्धशतकापूर्वीच दुभंगलेली होती. आंब्रोज छावणीकडे उघड्या हातांनी चालत गेले ते आपल्या लोकांसाठी. हार्टमान यांना आपल्याच लोकांपासून देऊळ राखण्यासाठी आत कोंडून घ्यावे लागले. दोन माणसांच्या गुणांत जेवढा फरक नव्हता तेवढा त्यांना मिळालेल्या वारशात होता.

मुंबईची ही दुहेरी सत्ता त्यानंतरही पाऊणशे वर्षे चालली. १८८६ चा करार झाला. त्यानेही ती संपली नाही. १९२८ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात तह होऊन दोन्ही तट एका आर्चबिशपाखाली आले, पण तेथेही एक तडजोड ठेवण्यात आली: या गादीवर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश अशी पाळी असावी. १९३७ साली टॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. पाळीप्रमाणे त्यांच्यानंतर पोर्तुगीज यावयाचा. रॉबर्ट्स यांनी निराळाच मार्ग धरला. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे सहायक बिशप झाले. मग कारभार त्यांच्या हाती सोपवून रॉबर्ट्स मुंबईबाहेरच राहू लागले. मागे कोण येणार याबद्दल कोणालाही कुरबुर करण्यास जागा राहू नये अशी ती हुशारीची अनुपस्थिती होती. १९५० साली ती पाळीची पद्धत रद्द झाली, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. त्यांच्या नेमणुकीच्या वेळी माहीमच्या देवळाची दारे उघडीच होती.